भाऊजींना वगळण्याबाबत

१

आमच्या घरात भाऊजी आले ते वीस टक्के सवलतीसाठी.

त्याचं असं झालं. घरगुती सामानाचं एक मोठं दुकान आहे. गाद्या, पंखे, पडदे, भांडी, सगळं एकाच छताखाली. त्या दुकानाचा एक ग्राहक-संघ आहे, आणि नव्या सदस्याला पहिल्या खरेदीवर घसघशीत सूट मिळते. ती माझ्या नावावर घेऊन झाली होती, नवऱ्याच्या नावावर झाली होती, सासूबाईंच्या नावावरही झाली होती. आणि मागच्या खोलीसाठी एक गादी घ्यायची राहिलीच होती. नवरा तोंड पाडून बसला. पूर्ण किमतीत वस्तू घेणं हा त्याला स्वतःचा पराभव वाटतो.

"मग धाकट्याच्या नावावर घ्या," सासूबाई वाटाणे सोलता सोलता म्हणाल्या.

"कोणता धाकटा, आई?" नवऱ्यानं विचारलं. तो एकुलता एक आहे.

"असता तर असता की नाही?"

या युक्तिवादापुढे आम्ही दोघंही गारद झालो. जेवणाच्या टेबलावरच अर्ज भरला. नाव सासूबाईंनी सुचवलं. जन्मतारीख तर त्यांनी क्षणभरही न अडखळता सांगितली. बुटाचं माप, आवडता रंग, फावल्या वेळातला छंद, सगळं त्यांना तोंडपाठ असल्यासारखं होतं. "आणि लिहा, स्वभावानं हसरा," त्या म्हणाल्या. अर्जात तसा रकाना नव्हता. नवऱ्यानं कडेला बारीक अक्षरात लिहिलं. गादी स्वस्तात आली आणि गादीबरोबर मला एक दीर मिळाला.

तेव्हापासून घरात एक रीतच पडली. काही बिनसलं की ते भाऊजींच्या माथी मारायचं. साखरेचा डबा उघडा राहिला? भाऊजी. न्हाणीघरातला दिवा रात्रभर चालू? भाऊजी. केकचा शेवटचा तुकडा कुणी खाल्ला? तिघंही एका सुरात म्हणायचो, भाऊजी! माझा स्वभाव तापट आहे, हे मी कशाला लपवू? या घरातली निम्मी भांडणं भाऊजींमुळे सुरू होण्याआधीच मिटली. माणूस म्हणून त्यांचा काही त्रास नव्हता.

२

त्रास होता तो त्यांच्या टपालाचा.

मी कृत्रिम दात तयार करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. कवळ्या बनवते. सकाळी कामावर निघण्याआधी खाली जाऊन पत्रपेटी रिकामी करायची आणि चहा पिता पिता घरातल्या सगळ्यांच्या जाहिरातींची विल्हेवाट लावायची, हा माझा नेम. कागदी असतील त्या टोपलीत, मेलवरच्या असतील त्या तिथल्या कचऱ्यात. नवऱ्याला हे काम देऊन उपयोग नाही. मेल आली की न वाचता तिच्यातलं सगळ्यात मोठं बटण दाबायचं, ही त्याची पद्धत. बटण दाबलं की विषय संपतो, असं त्याचं म्हणणं. या पद्धतीमुळे मध्यंतरी आमच्याकडे दर आठवड्याला मोज्यांचा एक जोड येत होता. थांबवता थांबवता माझ्या नाकी नऊ आले.

भाऊजींचं टपाल सुरुवातीला बेताचं होतं. मग त्या दुकानानं त्यांचं नाव दुसऱ्या दुकानाला दिलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. बूटवाले, चष्मेवाले, सहलीवाले, विमेवाले, केसगळतीवाले. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. आम्हा तिघांचं मिळून येत नव्हतं तेवढं टपाल एकट्या भाऊजींचं यायला लागलं. पत्रपेटीचं झाकण लागेना. इमारतीचा रखवालदार एकदा मला म्हणाला, "तुमच्या दिरांचा पत्रव्यवहार फार दांडगा आहे हो." मी नुसतं हं म्हटलं. आता त्याला गादीची गोष्ट कुठून सांगत बसू?

मग सासूबाई ती पत्रं टोपलीतून काढून, हातानं सरळ करून, मागच्या खोलीत नेऊन ठेवायला लागल्या. मला वाटलं, कप्प्यात अंथरायला कागद हवे असतील.

"त्याची पत्रं टाकत जाऊ नकोस गं," त्या म्हणाल्या. "आल्यावर विचारेल."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

त्यानंतर एकदा जेवताना म्हणाल्या, धाकटा जेवला का? नवऱ्याचा घास हातातच राहिला. आम्ही त्यांना विस्मरणाच्या डॉक्टरांकडे नेलं. ते शांतपणे म्हणाले, "घरात गोंधळ नको. जे नाही ते आहे असं भासवणारं काही नजरेसमोर ठेवू नका. आज त्या नसलेल्याला ओळखतायत. असंच चालू राहिलं तर उद्या असलेल्याला विसरतील."

डॉक्टरांच्या जिन्यात मला रडू फुटलं. लग्न होऊन आले तेव्हा मला धड चहासुद्धा करता येत नव्हता, आणि तोंड मात्र सुरीसारखं. या बाईनं कधी एका शब्दानं टोचलं नाही. माझा आरडाओरडा संपेपर्यंत थांबायच्या आणि मग विचारायच्या, "झालं का गं? चल, आता काहीतरी खाऊ." त्या एक दिवस माझ्याकडे बघून 'या कोण?' असं विचारतील, ही कल्पनाच मला सहन होईना. त्या जिन्यातच मी ठरवलं. भाऊजींना घालवायचं. एकूण एक यादीतून.

३

सुट्टीच्या दिवशी दुपारी मी अर्जासाठी काढलेली भाऊजींची मेल उघडली. पासवर्ड आम्हा तिघांनाही ठाऊक होता.

नकोशा जाहिराती थांबवणं म्हणजे नकोसे पाहुणे उठवण्यासारखं आहे. ते उठतच नाहीत. मेलच्या अगदी तळाशी, मुंगीच्या अक्षरात, 'थांबवा' असं लिहिलेलं असतं. त्यावर बोट ठेवलं की विचारतात, खरंच? हो म्हटलं की विचारतात, आठवड्यातून एकदाच पाठवली तर? नको म्हटलं की रडवेला चेहरा दाखवतात आणि कारण विचारतात. मी नेटानं सगळ्यांना कारणं दिली. केसगळतीवाल्यांना लिहिलं, 'सदस्याला केस नाहीत.' बूटवाल्यांना लिहिलं, 'पाय नाहीत.' मला मजा यायला लागली होती.

मग एक गोष्ट लक्षात आली. सगळ्या मेल आधीच उघडून वाचलेल्या होत्या.

नवऱ्याचं काम असणार, असं मी स्वतःला समजावलं. नाहीतर सासूबाईंचं, पण त्यांना टॅबलेटवर नातेवाईकांचे फोटो बघण्यापलीकडे काही येत नाही. मग पाठवलेल्या मेलच्या कप्प्यात गेले. तिथं एकच होती. गादीच्या दुकानानं अभिप्राय मागवला होता आणि कुणीतरी तो दिला होता.

'गादी उत्तम आहे. मी भिंतीच्या बाजूला झोपतो. पाठदुखी नाही. वहिनी पहाटे भांडी फार आपटतात, त्यामुळे झोपमोड होते, पण त्याला गादी काय करणार? पाचपैकी चार तारे.'

मी तो अभिप्राय पुन्हा पुन्हा वाचला. खरं सांगते, पहिल्यांदा मला भीती वाटली नाही, राग आला. एक तारा माझ्या भांड्यांवर कापला होता!

तशीच उठून नवऱ्यापुढे टॅबलेट धरला. "हे काय लिहिलंयस?"

त्यानं वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला. "मी नाही लिहिलं. शप्पथ. मी लिहिलं असतं तर एवढं शुद्ध लिहिलं असतं का?"

हा मुद्दा बिनतोड होता. आम्ही दोघं मागच्या खोलीत गेलो. गादीवर चादर ताणलेली होती. भिंतीच्या बाजूनं हात फिरवला तेव्हा तिथं एक लांबट खळगा लागला.

"स्वस्तातली गादी," नवरा म्हणाला. "बसणारच."

४

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी ग्राहक-संघाच्या मदत केंद्राला फोन लावला. बरंच संगीत ऐकवल्यावर एका गोड आवाजाच्या मुलीनं उचलला.

"आमच्या घरातलं एक सदस्यत्व बंद करायचंय," मी म्हटलं.

"नक्की, मॅडम. ज्यांचं आहे त्यांनाच द्याल का फोन?"

"ते नाहीत."

"बाहेर गेलेत का? कधी येतील?"

"बाहेर गेले नाहीत. ते नाहीतच."

मग ती मुलगी हलक्या आवाजात म्हणाली, "फार वाईट वाटलं, मॅडम. अशा वेळी मृत्यूचा दाखला पाठवावा लागतो."

"अहो, ते गेले नाहीत! ते कधी जन्मलेच नाहीत!"

"आमच्याकडे जन्मतारीख आहे, मॅडम."

जो जन्मला नाही त्याच्या मृत्यूचा दाखला कोणतं कार्यालय देतं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. मी फोन ठेवला. संध्याकाळी नवऱ्याला म्हटलं, "तूच भाऊजी हो आणि बोल." त्यानं घसा खाकरला, छाती पुढे काढली, फोन मोठ्या आवाजावर ठेवला आणि नाव सांगून म्हणाला, "मला माझं सदस्यत्व बंद करायचंय." मी तोंडावर हात धरून हसू दाबत होते.

योगायोगानं तीच मुलगी होती. ती म्हणाली, "माफ करा, सर. आपला आवाज आमच्याकडच्या आवाजाशी जुळत नाही."

"तुमच्याकडे माझा आवाज आहे?"

"त्यांचा आहे, सर. परवाच बोललो ना आम्ही. किती हसरे आहेत ते!"

माझं हसू हातातच राहिलं. नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी फोनकडे तोंड नेऊन विचारलं, "काय म्हणत होते?"

"ते सांगता येत नाही, मॅडम. खासगी असतं." मग बहुतेक तिला आमची दया आली असावी. "तशी काही तक्रार नव्हती त्यांची. घरातल्या सदस्यांपैकी एखाद्याचं नाव कमी करायचं असेल तर काय करावं लागतं, एवढंच विचारत होते."

"कुणाचं नाव?" मी विचारलं.

"आणखी काही मदत हवी आहे का, मॅडम?" ती म्हणाली.

५

कुणीतरी टवाळकी करतंय, असं आम्ही ठरवलं. आमची माहिती चोरून एखादा रिकामटेकडा भाऊजी बनून बसला असणार. आयत्या बिळावर नागोबा. हे कारण मला पटलं. निदान गुरुवारपर्यंत तरी पटलं होतं.

गुरुवारी सकाळी स्वयंपाकघराच्या ओट्यावर पावाचा एक तुकडा पडलेला दिसला. लोणी लावलेला, एकच चावा घेतलेला. मी तो टाकायला उचलला आणि सवयीनं उजेडात धरला.

दिवसभर मी मेणावर आणि प्लास्टरवर उमटलेले दात बघते. माणसाचा चेहरा विसरेन, चावा विसरणार नाही. आमच्या घरात तीन तोंडं आहेत. सासूबाईंची कवळी मी माझ्या हातानं केली आहे. तिचा एकेक दात मला ठाऊक आहे. माझा खालचा एक दात आडवा आहे. आणि नवऱ्याच्या पुढच्या दोन दातांत लहानपणापासून फट होती, ती मी लग्नानंतर दातांवर बसणाऱ्या दोन टोप्या करून बुजवली.

त्या पावावर वरच्या दातांचा अर्धगोल स्वच्छ उमटला होता. बरोबर मध्ये फट होती.

मी नवऱ्याला बोलावलं. "आ कर." त्यानं आ केला. टोप्या जागच्या जागी. मी दुसऱ्या एका तुकड्याचा चावा घ्यायला लावला. फट नाही. पुन्हा लावला. नाही. पोट भरल्यावर तो म्हणाला, "अगं, एवढं काय त्यात? भाऊजींनी खाल्ला असेल."

सवयीनंच बोलून गेला बिचारा. मग आम्ही दोघंही मागच्या खोलीच्या दाराकडे बघत उभे राहिलो. दार लोटलेलं होतं. आतून रोजच्यासारखीच पंख्याची घरघर येत होती, पण पंखा कुणी लावला हे एकमेकांना विचारायची आमची हिंमत झाली नाही.

सासूबाई चहाचा कप घेऊन आल्या. "लोणी बदलू नका हं," त्या म्हणाल्या. "हेच आवडतं त्याला."

६

आणि मग, देव पावावा तशी, दुकानाची मेल आली.

ग्राहक-संघानं नियम बदलला होता. एका घरात यापुढे तीनच सदस्य. चौथं नाव वगळायचं, आणि ते घरातल्यांनीच ठरवायचं. प्रत्येक सदस्याला मेल गेली होती. प्रत्येकानं एक नाव द्यायचं, बहुमतानं निर्णय होईल, 'गैरसोयीबद्दल क्षमस्व'.

मी आनंदानं ओरडलेच. दाखला नको, आवाज नको, संगीत नको. माझ्या मेलमध्ये खाली चार नावं होती. भाऊजींच्या नावावर मी इतक्या जोरात बोट दाबलं की टॅबलेट टेबलावरून घसरला.

नवऱ्याला कामावर फोन केला. "मेल आलीय बघ. ताबडतोब उत्तर दे."

"दिलं की मघाशीच."

"कुणाचं नाव दिलंस?"

"नाव कसलं? मोठं हिरवं बटण होतं, ते दाबलं."

मला एवढा आनंद झाला होता की हिरव्या बटणावर काय लिहिलं होतं, हे मी विचारलंसुद्धा नाही. सासूबाई खिडकीत बसून टॅबलेटवर नातेवाईकांचे फोटो बघत होत्या. मी त्यांच्यापुढे बसले, त्यांची मेल उघडून दिली आणि समजावलं, "आई, ही चार नावं. आपण तिघं खरे. जे नाव खरं नाही, ते दाबायचं. इथं. कळलं?"

"कळलं गं," त्या म्हणाल्या. "मला काय एवढंही कळत नाही?"

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. मी उठून गेले. दारात कुणी नव्हतं. परत आले तेव्हा सासूबाईंचं दाबून झालं होतं आणि त्या पुन्हा फोटो बघत होत्या.

संध्याकाळी मेल आली. 'आपल्या घरातून तीन मतं एकाच नावावर मिळाली. एक नाव वगळण्यात आलं आहे. सहकार्याबद्दल आभार.'

तीन मतं! मी, नवरा, सासूबाई. त्या रात्री मी सगळ्यांना केक खाऊ घातला.

७

पुढचे काही दिवस म्हणजे निव्वळ स्वर्ग. पत्रपेटीत माझ्या नावाचा एकही कागद नाही. माझ्या मेलमध्ये एकही जाहिरात नाही. फोनवर कर्जवाले नाहीत, विमेवाले नाहीत. मी प्रयोगशाळेत सगळ्यांना सांगत सुटले की नेट धरला की जमतं.

आणि सासूबाई सुधारल्या! डॉक्टरही चकित झाले. दिवस, वार, महिना, भाजीचा भाव, सगळं घडाघडा सांगू लागल्या. "घरातला गोंधळ कमी झालेला दिसतोय," डॉक्टर नवऱ्याला म्हणाले. मी शेजारीच बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण मोठ्या डॉक्टरांना वेळ कुठे असतो!

मग एका सकाळी प्रयोगशाळेतल्या स्वागतकक्षातल्या बाई मला म्हणाल्या, "बसा. कुणाकडे काम आहे?" रोज माझ्या डब्यातलं खातात त्या. मी चेष्टा समजून आत गेले. माझ्या टेबलावर दुसरंच कुणीतरी मेण तापवत बसलं होतं. त्यानं वर बघितलं नाही. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तर त्यानं उठून खिडकी लावली.

मी घरी आले ती धावतच. वाटेत फोनवर ती मेल पुन्हा उघडली; हिरव्या बटणावर 'घरातून आलेलं पहिलं मत मान्य' असं होतं, आणि पहिलं मत माझं नव्हतं. घरातही ध्यानात येत होतं, फक्त मी ते ध्यानात घेत नव्हते. कालपासून नवऱ्यानं माझ्या एकाही प्रश्नाला उत्तर दिलं नव्हतं. रुसलाय म्हणून मीही अबोला धरला होता.

सासूबाई खिडकीत होत्या. मी त्यांच्या पायाशी बसले, त्यांचे दोन्ही हात धरले. "आई, त्या दिवशी कुणाचं नाव दाबलंत?"

त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. खूप लांबचं काहीतरी वाचावं तशा. मग त्यांना मी दिसले. डोळे भरून आले त्यांचे.

"तू रागावू नकोस," त्या म्हणाल्या. "मी तरी काय करू? पोटच्या पोराचं नाव कसं पुसू?"

"आई, तो नाहीये! तो कधीच नव्हता!"

"म्हणूनच गं. इतकी वर्षं नव्हता. आता कुठे आलाय." त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला. "तू समजूतदार आहेस. तो लहान आहे. तू घे समजून."

माझ्यात काय काय नाही म्हणून लोकांनी मला आजवर खूप सुनावलं आहे. पण समजूतदारपणा मला पहिल्यांदाच कुणी चिकटवला, आणि तो असा. मला ओरडायचं होतं, भांडायचं होतं. पण त्या इतक्या शुद्धीवर होत्या, इतक्या माझ्याच सासूबाई होत्या, की मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून नुसती रडले. त्या थोपटत होत्या. थोपटता थोपटता त्यांचा हात मंदावला. मी वर बघितलं तेव्हा त्या स्वतःच्या मांडीवरची चुरगळलेली साडी हातानं सरळ करत होत्या आणि गुणगुणत होत्या.

८

सकाळी मी पत्रपेटी रिकामी करायला खाली गेले. दुसरं काय करणार? इतक्या वर्षांचा नेम. पेटी उघडली. नवऱ्याचं एक पत्र, सासूबाईंचं एक, भाऊजींची चार. रखवालदार झाडू मारत होता. त्यानं माझ्या पायांवरून झाडू फिरवला.

पत्रं घेऊन वर आले. दार जाताना मी अर्धवट लोटून गेले होते, ते तसंच होतं. फटीतून आतलं टेबल दिसत होतं. नवरा बसला होता, सासूबाई बसल्या होत्या, आणि माझ्या खुर्चीवर, दाराकडे पाठ करून, कुणीतरी बसलं होतं. केस नुकतेच धुतलेले, ओले. मान बारीक. खुर्ची थोडी मागे झुकवून बसायची ढब नवऱ्यासारखीच. त्यानं काहीतरी सांगितलं आणि नवरा खो खो हसला. लग्नानंतर एवढ्या वर्षांत मी त्याला इतकं हसवलं नव्हतं, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं आणि वाईट वाटलं. सासूबाई पावाला लोणी लावत होत्या. त्यांचा चेहरा अगदी निवांत होता. डॉक्टरांनी बघायला हवा होता.

मी चौकटीला धरून दार पुढे ढकललं. ते करकरलं.

नवऱ्यानं दाराकडे बघितलं. थेट माझ्याकडे. "वाऱ्यानं उघडलं वाटतं."

"थांब, मी लावतो," माझ्या खुर्चीवरचा आवाज म्हणाला. खरंच हसरा आवाज होता. मदत केंद्रातली मुलगी खोटं बोलली नव्हती.

तो उठला. मी बघायला हवं होतं, पण माझी नजर खालीच राहिली. मला नवऱ्याच्या सपाता दिसल्या, आत पाय दुसऱ्याचे होते. त्या माझ्यापर्यंत येऊन थांबल्या. साबणाचा ओला वास आला. दाराच्या कडेवर चार बोटं आली, लांब, स्वच्छ नखांची, माझ्या बोटांपासून वीतभर वर. दार हळूहळू माझ्या अंगावर येऊ लागलं.

"अरे, जपून," आतून सासूबाई म्हणाल्या. "कुणाची तरी बोटं सापडतील."

दार थांबलं.

"कुणाची, आई?" नवऱ्यानं विचारलं. "आहेच कोण तिथं?"

आत सासूबाईंची पावावरची सुरी थांबली. मी चौकट घट्ट धरून उभी होते. त्या आठवत होत्या, मला ते ऐकू येत होतं.

"नसेल कुणी," त्या म्हणाल्या. "पण हळू लाव."

त्यानं दार हळू लावलं. मी बोटं काढून घेतली.